पाण्याचे पेव

साठवणीच्या कामी आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. रांजण, टाके, कणगी, बळद, पेव, कोठार, तिजोरी आणि पेढी असे कितीतरी शब्द तिने करून ठेविले आहेत. आणि कोणत्या जागी कोणती वस्तू किती काळ टिकावयाची, ह्याचा हिशेबही त्या शब्दांच्या पोटात भरलेला आहे. रांजणातले पाणी दोन दिवसांचे, कणगीतले धान्य वर्षाचे, पेवातले दुष्काळाचे आणि पेढीतला पैसा मुलानातवंडांचा. ह्या क्रमात पाण्याची जागा सर्वांत खालची. जी वस्तू उन्हाने उडते, फटीतून गळते आणि न विचारता शेजाऱ्याच्या शेतात शिरते, ती पेढीत नेऊन ठेवण्याची कल्पना आपल्या पूर्वजांस सुचली नाही, ह्यात त्यांच्या बुद्धीचा उणेपणा होता असे कोणी म्हणणार नाही.

तथापि कॅलिफोर्नियाच्या केर्न परगण्यात पाण्याच्या पेढ्या आहेत, आणि त्यांस तिकडे ‘वॉटर बँक’ असेच म्हणतात. तेथे ठेवीदार आहेत, खातेवह्या आहेत, जमा आहे, नावे आहे, घट आहे, आणि अर्थातच तंटेबखेडेही आहेत. आमचे उभे आयुष्य सांगली-मिरजेकडील सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेले; तेव्हा पेढी म्हटली की तिची चोपडी चाळल्यावाचून आम्हांस चैन पडावयाचे नाही. धाकटी कन्या व जावई नोकरीनिमित्त बेकर्सफील्ड शहरी असल्यामुळे २०१५ आणि २०२३ अशा दोन साली त्या मुलखात काही महिने राहण्याचा योग आला. पहिले साल कडक दुष्काळाचे, दुसरे महापुराचे. एकच पेढी, एकदा ठेवी परत मागणाऱ्यांची झुंबड असताना आणि एकदा ठेवी ठेवणाऱ्यांची रांग असताना, अशी दोन्ही प्रसंगी पाहावयास मिळणे हे हिशेबतपासनिसाच्या नशिबी क्वचितच येते. जे पाहिले आणि त्यावरून जे वाटले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

बेकर्सफील्डला वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे सहा इंच. हा आकडा ऐकून आपल्या जत-आटपाडीच्या माणसासही आपण सुखी आहोत असे वाटेल. असे असून त्या परगण्याची गणना अमेरिकेतील अव्वल शेतीच्या परगण्यांत होते. ह्याचे कारण पूर्वेस उभा असलेला सिएरा नेवाडा पर्वत. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडते, वसंतात ते वितळून नद्यांवाटे खाली येते, आणि त्या पाण्यावर उन्हाळाभर पिके उभी राहतात. म्हणजे त्या लोकांचे पहिले धरण निसर्गानेच डोंगरमाथ्यावर बांधून दिलेले आहे. फक्त ते दरवर्षी सारखे भरत नाही. १ एप्रिल २०१५ रोजी त्या राज्यात बर्फाची मोजणी झाली तेव्हा ते सरासरीच्या अवघे ५ टक्के भरले. २०२३ च्या एप्रिलात तेच सरासरीच्या दुपटीहून अधिक भरले. ज्या गृहस्थाचे उत्पन्न एका वर्षी पाच रुपये आणि दुसऱ्या वर्षी दोनशे रुपये असते, त्याने संसार कसा करावा? शिल्लक टाकून, हे उत्तर आपल्याकडील शाळकरी मुलगाही देईल. प्रश्न एवढाच की पाण्याची शिल्लक टाकावयाची कोठे.

बेकर्सफील्डच्या आग्नेयेस आर्विन नावाचे गाव आहे. त्या भागातील जमीनमालकांनी १९४२ साली ‘आर्विन-एडिसन वॉटर स्टोरेज डिस्ट्रिक्ट’ ह्या नावाची संस्था स्थापिली. आपल्याकडील पाणीवापर संस्थेचे हे थोरले भावंड समजावे. तिच्या क्षेत्रात सुमारे १,३२,००० एकर जमीन येते आणि तीत द्राक्षे, बटाटे, गाजरे, संत्री अशी पिके होतात. प्रारंभी ह्या शेतीची सारी भिस्त विहिरींवर होती, आणि विहिरींतील पातळी वर्षागणिक खाली चालली होती. पुढे सॅन वाकीन नदीवरील फ्रायंट धरणातून निघून १५२ मैल दक्षिणेस येणारा फ्रायंट-केर्न कालवा १९५१ साली पुरा झाला, आणि त्याचे पाणी मिळावे म्हणून ह्या संस्थेने १९६२ मध्ये मध्यवर्ती सरकारशी करार केला. नदीच्या मानाने फ्रायंट धरण लहान असल्यामुळे त्यातील पाण्याचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिला वर्ग भरवशाचा. दुसरा वर्ग म्हणजे ज्या वर्षी धरणात मावत नाही त्या वर्षीचे. आर्विनच्या वाट्यास पहिल्या वर्गाचे पाणी आले ४०,००० एकर-फूट आणि दुसऱ्या वर्गाचे ३,११,६७५ एकर-फूट. एकरभर जमिनीवर एक फूट उंच पाणी उभे केले म्हणजे जे होते ते एक एकर-फूट. आपल्या मापाने सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. भरवशाचे एक माप आणि बेभरवशाची जवळजवळ आठ, असा हा संसार होता.

हे बेभरवशाचे पाणी येते तेव्हा धो धो येते, आणि त्या वेळी पिकांस त्याची तितकीशी गरजही नसते. ते साठविण्यास नवे धरण बांधावे तर त्यासारखी जागा नाही. तेव्हा संस्थेच्या चालकांनी पायाखाली पाहिले. विहिरींनी उपसून उपसून जमिनीच्या पोटात जी पोकळी केली होती, तीच तिजोरी म्हणून वापरावी, असे त्यांनी ठरविले. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी युगानुयुगे वाळू आणून टाकलेल्या जागा त्यांनी निवडल्या, तेथे उथळ ताली घातल्या, आणि १९६६ पासून सुकाळाच्या वर्षांचे पाणी त्यांत सोडून जमिनीत मुरविण्यास प्रारंभ केला. अवर्षण आले की त्याच परिसरातील विहिरींनी ते वर काढावयाचे आणि कालव्यात सोडावयाचे. उधळ्या मुलाने रिकामी केलेली कोठी त्याच्याच वंशजांनी पुन्हा भरावयास घ्यावी, असा हा प्रकार आहे. आणि त्यातले शहाणपण आम्हांस फार आवडले.

२०२३ च्या वसंतात आम्ही ह्या ताली भरलेल्या पाहिल्या. पाहण्यासारखे त्यात फारसे काही नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडील भाताच्या खाचरांसारखे, पण एकेक कित्येक एकरांचे तुकडे. सभोवार मातीचे ठेंगणे बांध. एका तुकड्यातून दुसऱ्यात पाणी उतरावे म्हणून दारे. आणि वर बगळे व बदके. पाणी वाहत नाही, गर्जत नाही; उभे राहते आणि दिवसाकाठी काही इंच खाली जाते. गाळ बसून वाळूची तोंडे बुजली की मुरण्याचा वेग मंदावतो. मग ताल कोरडी करून वरचा थर खरवडून काढावा लागतो. ही सारी कामे आपल्या कोणत्याही जाणत्या शेतकऱ्यास सहज समजतील अशी आहेत. त्यांत नवल आहे ते मोजणीचे. आत सोडलेल्या पाण्याचे माप, उडून गेलेल्याचा अंदाज, वर काढलेल्याचे माप आणि आसपासच्या विहिरींतील पातळी ह्या सर्वांची नोंद ठेवलेली असते. नोंद नसती तर त्या ताली म्हणजे नुसती दलदल झाली असती.

ठेव ठेवण्याची आणखी एक रीत तिकडे आहे, आणि ती तर आम्हांस अधिकच मार्मिक वाटली. बेकर्सफील्डच्या वायव्येस सेमिट्रॉपिक नावाची अशीच एक संस्था आहे. दूरच्या शहरांचे जादा पाणी सुकाळात तिच्याकडे आले की ती ते जमिनीत मुरवीत बसत नाही; आपल्या शेतकऱ्यांस कालव्याने देते आणि म्हणते, ‘हे घ्या, आणि तुमचे पंप बंद ठेवा.’ जितके पाणी त्यांनी उपसले नाही तितके त्या शहरांच्या नावे जमा होते. न केलेला खर्च हीच ठेव! आपल्या घरोघरच्या गृहिणींना हे तत्त्व कोणी शिकवावयास नको. परंतु त्याची खतावणी करून त्यावर करारमदार करणारी माणसे आम्ही तेथेच पाहिली.

आता पेढीची खरी परीक्षा दुष्काळात. २०१४ आणि २०१५ ह्या लागोपाठच्या दोन वर्षी फ्रायंट धरणातून कालव्याच्या हक्कदारांस मिळालेले पाणी होते शून्य. पहिल्या वर्गाचेही शून्य. आर्विनच्या शेतांस जे पाणी मिळाले त्यात पूर्वी मुरवून ठेविलेल्या ह्याच शिलकेचा मोठा आधार होता. जावयाच्या स्नेह्यांपैकी एक वृद्ध शीख शेतकरी त्या संस्थेच्या क्षेत्रात शेती करीत. आम्ही त्यांस सरदारजी म्हणत असू आणि ते आम्हांस भाईसाहेब म्हणत. त्यांची साठ एकर द्राक्षबाग होती आणि चाळीस एकरांत बटाटे व गाजरे निघत. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या शेतावर गेलो तेव्हा बाग हिरवी होती आणि चाळीस एकर ओसाड पडले होते. ते ओसाड रान आम्हांस दाखविताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसेना. ते म्हणाले, “भाईसाहेब, ही वेल ह्या हाताने लावलेली आहे. तिला पाणी पाजावयाचे तर कोणाला तरी उपाशी ठेविले पाहिजे. बटाट्याला एक वर्ष उपाशी ठेविले तर तो मरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो.” दुष्काळाचे इतके नेटके अर्थशास्त्र आम्हांस कोणत्याही ग्रंथात वाचल्याचे स्मरत नाही.

येथवर जमेची बाजू झाली. परंतु हिशेबतपासनीस जमेच्या बाजूवर समाधान मानून सही करीत नाही. ह्या पेढीच्या व्यवहारात जी न्यूने आम्हांस दिसली ती समजावयास सोपी व्हावीत म्हणून आमच्या गावाकडचे एक उदाहरण घेतो. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे आणि तेथील हळदीची पेवे सर्वश्रुत आहेत. जमिनीत खोल खड्डा, आत गवताचा व कडब्याचा थर, मध्ये हळद, वर लहानसे तोंड आणि त्यावर घट्ट झाकण. तेथील मातीचा गुणच असा की हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहावी. वजनास ती घटत तर नाहीच, उलट जमिनीच्या ओलीने थोडी भरते, अशी व्यापाऱ्यांची समजूत आहे. पेवाला भिंत असते, तोंड एक असते आणि मालक ठरलेला असतो. तरीही २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली पुष्कळ पेवे नासली. भिंत असलेल्या पेवाची ही कथा. मग ज्या पेवाला भिंतच नाही त्याची काय कथा?

पहिली गोष्ट घटीची. पाण्याच्या ठेवीवर व्याज मिळत नाही. काही पाणी उडते, काही आडवाटेने सरकते. म्हणून ठेवलेल्यापैकी काही हिस्सा जमिनीस सोडून द्यावयाचा, अशी अट बहुतेक करारांत असते. त्यात भर म्हणजे ठेव ठेविताना पाणी आपल्या पायांनी खाली उतरते, पण काढताना प्रत्येक फुटागणिक विजेचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे ही पेढी नफ्याची नव्हे, विम्याची आहे. आणि विम्याचा हप्ता सुकाळात भरावयाचा असतो, जेव्हा तो भरण्याची इच्छा कोणासच नसते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. जमिनीखालचे पाणी माझे व तुझे असे ओळखीत नाही. पेढीने दुष्काळात जोराने उपसा केला की कुंपणाबाहेरच्या विहिरींची पातळी उतरते, आणि तशा तक्रारी व दावे केर्न परगण्यात झालेले आहेत. उलटपक्षी, शेजाऱ्याने बेसुमार उपसा केला की पेढीचेच नुकसान होते. ह्याचा विलक्षण पुरावा त्या फ्रायंट-केर्न कालव्यानेच दिला. कालवा उताराने वाहणारा; वाटेतल्या टुलेअर परगण्यात विहिरींचा उपसा इतका झाला की जमीनच खचली, तिच्याबरोबर कालव्याचे पोट खाली गेले, आणि त्या टप्प्यात त्याची वाहण्याची शक्ती निम्म्याहून कमी उरली. परिणाम असा की २०१७ सारख्या सुकाळात धरणात पाणी असूनही शेपटाकडच्या आर्विनास ते पुरते पोहोचेना. ठेवीदार पैसे घेऊन निघाला आणि पेढीकडे जाणारा पूलच वाटेत खचला! तो टप्पा टाळण्यासाठी सुमारे दहा मैलांचा नवा कालवा खोदावा लागला आणि तो २०२४ मध्ये पुरा झाला. त्याच टुलेअर परगण्यात ईस्ट पोर्टरव्हिल नावाची गरिबांची वस्ती आहे. तेथील शेकडो घरांच्या विहिरी २०१४ च्या सुमारास आटल्या आणि लोकांस दारापुढे टाक्या ठेवून बाहेरून आणलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागले. हा दोष कोणत्याही पाणीपेढीचा नव्हता. परंतु ज्यांचे कोणत्याच पेढीत खाते नाही त्यांचे दुष्काळात काय होते, हे त्यावरून कळते.

तिसरी गोष्ट नाण्याच्या खरेपणाची. दक्षिणेकडील लॉस एंजेलिस आदी शहरांस पाणी पुरविणाऱ्या ‘मेट्रोपॉलिटन’ ह्या मोठ्या संस्थेने १९९७ साली आर्विनशी करार करून ३,५०,००० एकर-फुटांपर्यंत पाणी ठेवण्याची सोय केली, आणि त्या बदल्यात ताली, विहिरी व नळ वाढविण्यास द्रव्यसाह्य केले. बरीच वर्षे हा व्यवहार उत्तम चालला. पुढे ट्रायक्लोरोप्रोपेन नावाच्या एका विषारी द्रव्यासंबंधी राज्याने २०१७ च्या अखेरीस पिण्याच्या पाण्यासाठी अतिशय कडक मर्यादा घालून दिली. हे द्रव्य पूर्वी शेतात वापरल्या जाणाऱ्या काही कृमिनाशकांतून जमिनीत उतरलेले होते, आणि ते आर्विनच्या विहिरींत सापडले. तेव्हा मेट्रोपॉलिटनने तेथील विहिरींचे पाणी परत घेणे थांबविले. चोपडीत शिल्लक बिनचूक होती, तिजोरीही भरलेली होती; फक्त आतले नाणे बाजारात चालेनासे झाले. अर्धशतकापूर्वी कोणी शेतात काय टाकले ह्याचा जमाखर्च कोणत्याही खातेवहीत नसतो, पण जमीन तो विसरत नाही.

चौथी गोष्ट मालकीची. बेकर्सफील्डच्या पश्चिमेस केर्न नदीच्या वाळूवर सर्वांत प्रसिद्ध अशी ‘केर्न वॉटर बँक’ आहे. तिच्यासाठी सुमारे २०,००० एकर जमीन १९८८ साली राज्य सरकारने खरेदी केली होती. पुढे १९९४ मध्ये झालेल्या एका तडजोडीनुसार ४५,००० एकर-फूट पाण्याच्या हक्काच्या मोबदल्यात ती स्थानिक मंडळींच्या हाती गेली. त्या मंडळींत एका खासगी कृषिउद्योगाचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. सार्वजनिक पेढी खासगी हाती कशी गेली, ह्यावर पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. कोर्टांच्या निवाड्यांत आम्ही शिरत नाही. परंतु दुष्काळात ज्याच्या हाती पाण्याची किल्ली असते त्याच्या हाती सावकाराहून अधिक सत्ता असते, हे सावकारी पाहिलेल्या महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको.

ह्या चारही न्यूनांवर उपाय आहेत, आणि ते लोक ते करीतही आहेत. २०१४ साली कॅलिफोर्नियाने भूजलाच्या उपशावर प्रथमच राज्यव्यापी कायदा केला आणि बहुतेक मोठ्या खोऱ्यांस आपला जमाखर्च जुळविण्यासाठी २०४० च्या सुमारापर्यंत मुदत दिली. परंतु पाचवे न्यून मनुष्यस्वभावाचे आहे, आणि त्यावर कायद्याची मात्रा चालते की नाही ह्याविषयी आम्ही साशंक आहोत.

२०१५ साली सरदारजींच्या घरी एक वाद चालू होता. त्यांच्या मुलाचे म्हणणे असे की चाळीस एकर ओसाड ठेवणे हा मूर्खपणा आहे. बदामाचे भाव त्या वर्षी कधी नव्हते इतके चढले होते. पाणी पेढीतून मिळतेच आहे. तेव्हा तेथे बदाम लावावेत. बदामाची बाग तिसऱ्या वर्षी धरते, पंचवीस वर्षे चालते, आणि तिला दरवर्षी एकरी साडेतीन ते चार फूट पाणी लागते. मुलाचे गणित चुकीचे नव्हते; शेजारीपाजारी सारे तेच करीत होते. सरदारजी म्हणत, “पेव भरलेले दिसले म्हणून मुलगा लग्न काढावयास निघाला आहे.” शेवटी तडजोड झाली आणि वीस एकर बदाम लागला.

२०२३ साली आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तालींतून पाणी तुडुंब होते, आणि सरदारजींच्या साठ एकर द्राक्षबागेतील वीस एकर वेल नाहीशी झाली होती. मधल्या २०२१ व २०२२ च्या अवर्षणात पेढीतले पाणी महाग आणि मोजके मिळू लागले. बदामाला एक वर्ष उपाशी ठेवता येत नाही. कर्ज तर त्याच्यावरच काढलेले. तेव्हा तरुण बदाम वाचविण्यासाठी जुनी वेल उपटावी लागली. हे सांगताना त्यांनी मुलास दोष दिला नाही. इतकेच म्हणाले, “भाईसाहेब, त्या साली ओसाड रान होते ना, ते माझे खरे पाणी होते. ते मी विकून बसलो.” आम्हांस त्यावर उत्तर सुचले नाही, आणि त्यांनाही ते नको होते.

त्या एका वाक्यात ह्या सबंध विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. दुष्काळासाठी साठविलेले पाणी पाहून माणूस जर सुकाळातच आपली गरज वाढवून बसला, तर दुष्काळ येतो तेव्हा शिल्लक पूर्वीइतकीच असते, पण तोंडे दुप्पट झालेली असतात. पैशाच्या पेढीत ह्याला ठेवीच्या तारणावर कर्ज काढणे म्हणतात. ते कर्ज फेडता आले नाही तर फार तर ठेव जाते. येथे वेल जाते, शेजाऱ्याची विहीर जाते आणि जमिनीची पातळीही जाते. साठविणे हे निम्मेच काम. गरज सैल ठेवणे, म्हणजे वेळ पडल्यास ज्याला उपाशी ठेविता येईल असे काही आपल्या शेतात नेहमी राखणे, हे उरलेले निम्मे. पहिल्या निम्म्यासाठी अभियंते मिळतात आणि पैसाही मिळतो. दुसरे निम्मे ज्याचे त्याने करावयाचे असते, आणि तेही अशा वर्षी की जेव्हा पाणी डोळ्यांपुढे उभे असते.

आता हा विचार घेऊन घरी यावयाचे तर प्रथम पायाखालचा दगड पाहिला पाहिजे. केर्नची वाळू शेकडो फूट खोल आहे; आपल्या दख्खनचा काळा फत्तर पाणी धरतो तो भेगांत आणि मुरमाच्या पातळ थरात. आपली विहीर दिवाळीस काठोकाठ असते आणि होळीस तळ दाखविते. असल्या पेवात वर्षाचा दाणा राहील, सात वर्षांचा नव्हे. ह्यास मोठा अपवाद खानदेशात, तापीच्या गाळाच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या बाजूस आहे. तेथे केळीच्या बागांनी पातळी फार खाली नेलेली आहे, आणि तेथे पुराचे पाणी मुरविण्याच्या मोठ्या योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्यांनी २०२५ च्या मे महिन्यात करार केला. ती योजना जेव्हा उभी राहील तेव्हा आर्विनची चोपडी तेथील चालकांनी अवश्य वाचावी. आमच्या सांगली जिल्ह्यात तर एकाच साली कृष्णाकाठ बुडतो आणि जतेस टँकर धावतात. म्हणून म्हैसाळ योजनेचे पंप पुराच्या दिवसांत चालवून जतचे तलाव भरण्याचे प्रयोग झाले. ते योग्यच झाले. मात्र शेततळ्यांचा अनुभवही डोळ्यांआड करू नये. पावसाचे पाणी धरण्यासाठी निघालेली शेततळी पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घालून विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली गेली. पेवातला दाणा काढून अंगणात वाळत घालावा आणि त्यास साठवण म्हणावे, त्यातलाच हा प्रकार!

दुसऱ्या निम्म्याची शिकवणी घेण्यास मात्र आपल्याला सातासमुद्रांपलीकडे जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावी पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभा केला, त्यात पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर द्यावे, भूमिहीनासही वाटा असावा, आणि त्या पाण्यावर ऊस लावू नये, असे नियम होते. ह्या नियमांत तालीची लांबीरुंदी कोठे नाही. पाणी कसे काढावयाचे एवढेच आहे. सरदारजींस ते नियम वाचून दाखविले असते तर त्यांनी ते एका क्षणात ओळखले असते.

हरिपूरचे पेव उघडावयाचे तर झाकण काढावे लागते, आत कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, आणि चार माणसे हजर लागतात. पाण्याच्या पेवाचे तोंड रात्री बटण दाबून एकटा माणूस उघडू शकतो, आणि शेजाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एखाद्या गावी पुराचे पाणी मुरविण्याची योजना होईल, ताली भरतील, आणि उद्घाटनास पाहुणे येतील, तेव्हा ‘किती पाणी मुरले?’ एवढेच विचारून गावकऱ्यांनी थांबू नये. ते कोण काढणार, किती काढणार, कोणत्या पिकासाठी काढणार आणि त्याची चोपडी कोणास पाहावयास मिळणार, हे त्याच दिवशी, भरल्या तालीच्या काठी बसून ठरवून घ्यावे. ताल कोरडी पडल्यावर ही बोलणी करण्यास कोणी शांत चित्ताने बसत नाही.